कुडापलीकडचा खोकला

आमच्या घरात पंधरा वर्षं एक राघू होता. मागच्या पडवीत त्याचा पिंजरा टांगलेला असायचा. तो बोलायचा फारसं नाही, खोकायचा. तीन वेळा कोरडं खोकायचा, मग घसा साफ करावा तसा बारीक आवाज काढायचा, आणि जरा थांबून एका बाईच्या आवाजात विचारायचा, "कोन हाय?" पाहुणे हसायचे. माझी मुलं शाळेतल्या मित्रांना मुद्दाम ऐकायला घेऊन यायची. कोणीतरी हटकून विचारायचं — हा खोकला कोणाकडून शिकला हो? मी म्हणायचो, मला दिला तेव्हाच येत होता.

हे खोटं नव्हतं. पण उत्तरही नव्हतं. उत्तर मी आजवर कोणाला दिलेलं नाही — बायकोलाही नाही, आणि ती आता राहिली नाही. तुम्ही ओळखीचे नाही, म्हणून तुमच्यापाशी जमेल असं वाटलं होतं. लिहायला बसलो तर तेही सोपं नाही.

थोडं मागून येतो. चालेल ना?

माझे वडील काष्टीच्या बाजारात पोती उचलायचे. आमच्या घरात सही करणारा मी पहिला. नगरला बोर्डिंगात राहून शिकलो. बी. ए. झालो तेव्हा वडिलांनी ते प्रमाणपत्र बाजारातल्या तोलाऱ्याला नेऊन दाखवलं, कारण त्यांच्या ओळखीत वाचता येणारा तोच एक होता. पुढे बहात्तरचा दुष्काळ पडला. वर्षभर मी रिकामा होतो. मग तालुक्याच्या दवाखान्यातल्या मोठ्या डॉक्टरांनी मला हंगामी आरोग्यसेवक म्हणून घेतलं. पहिल्या दिवशी त्यांनी मला समोरच्या खुर्चीवर बसवलं आणि स्वतःबरोबर चहा दिला. तुम्हाला यात काही विशेष वाटणार नाही. मला त्या कपावरची निळी वेल अजून आठवते. "नीट काम कर, कायम करून घेऊ," असं ते म्हणाले होते.

हे सबब म्हणून सांगत नाही. माझं काय जाणार होतं ते तुम्हाला कळावं म्हणून सांगतो — आणि ते फार मोठं नव्हतं, हेही कळावं म्हणून.

मला ज्या गावी पाठवलं ते काष्टीपासून पायी दोन-अडीच तासांवर. नाव लिहीत नाही. तिथे अजून ती माणसं आहेत. गावात डांग्या खोकल्याची साथ होती. तुम्ही हा खोकला ऐकला आहे का? हल्ली लस असते, बहुतेकांनी ऐकलेला नसतो. मूल खोकतं, खोकतच राहतं, छातीतला सगळा वारा संपतो, चेहरा काळानिळा होतो, आणि मग ते एकदम श्वास आत ओढतं. त्या ओढीचा आवाज माणसाचा वाटत नाही. लांब विहिरीवरचा जुना रहाट फिरावा तसा.

मला पहिल्यांदा तो आवाज भर दुपारी ऐकू आला. गावातली धडधाकट माणसं सकाळीच दुष्काळी कामावर, खडी फोडायला गेलेली. गल्लीत माणूस नाही, कुत्रंही सावलीला. सगळी दारं लोटलेली. आणि एका दाराआडून ती ओढ, ती थांबली की पलीकडच्या दाराआडून दुसरी. घरं जणू एकमेकांना काही सांगत होती, आणि मी मधे उभा.

डॉक्टरांनी एक कागद दिला होता, काय करावं आणि काय करू नये त्याचा. तो मी पाठ केला होता. खोकणारं मूल दुसऱ्या मुलांत सोडू नका. दार उघडं ठेवा, हवा खेळू द्या. थुंकी राखेत घ्या आणि पुरा. उलटी झाली की मुलाला पुन्हा थोडं भरवा. माणसं जमतील असं कार्य लांबणीवर टाका. खोकल्याच्या घरातल्यांनी गाव सोडून जाऊ नये, बाहेरच्यांनी त्या घरात जाऊ नये. असं बरंच. लस मागवली होती, आली नव्हती.

कागद वाचून कोणी ऐकत नव्हतं. मग मला एक कल्पना सुचली. गोवर आला, कांजिण्या आल्या की दाराला कडुनिंबाचा डहाळा लावतात, आणि तो दिसला की परकं माणूस आपण होऊन उंबऱ्याबाहेर थांबतं, हे मी लहानपणापासून पाहत होतो. मी पोलीस पाटलांना म्हटलं, आबा, ज्या घरात खोकला त्या दाराला निंबाचा डहाळा बांधायचा. गोवराला बांधतो तसाच.

आबा पाटील खूश झाले. "ह्ये झ्याक काढलं सायेब! कागुद कोन वाचतंय हितं? डहाळा म्हंजी आंधळ्यालाबी वाचता येतोय."

एक म्हातारी पाराजवळून ओरडली, "आन् देवी म्हनली का माझा पाला खोकल्याला का दिला, मंग?"

"मंग तुला तिच्याकडं धाडू समजवायला," आबा म्हणाले, आणि सगळे हसले. मीही हसलो. फार बरं वाटलं मला त्या दिवशी. शिकून आल्याचा उपयोग झाला असं वाटलं.

आणि खरोखर उपयोग झाला. डहाळ्याच्या घरी कोणी जाईना. विहिरीवर त्या घरच्या बाईने दूर घागर ठेवायची, दुसरीने वरून पाणी ओतायचं, असं आपोआप ठरून गेलं. आठवड्याभरात आठ-दहा दारांवर डहाळे लागले. त्या वर्षी गावात हिरवं असं काही नव्हतंच. तेवढे निंबच हिरवे. पण तोडलेला डहाळा दोन दिवसांत वाळतो. दुपारी गरम वारा सुटला की त्या रिकाम्या गल्लीत सगळ्या दारांवर वाळका पाला सळसळायचा. कोणी नसताना कोणीतरी दारादाराशी उभं राहून हलक्या हाताने चाचपतंय — असा तो आवाज.

डहाळ्याच्या घरात जायला परवानगी एकालाच होती. मला. मी सरकारी माणूस. रोज प्रत्येक घरात जाऊन, मुलांच्या उशाशी बसून, मी कागदावरचं सांगायचो.

हे वाक्य लक्षात ठेवा. मी पुन्हा तिथे येणार आहे.

मी राहायचो हौसाबाईंच्या घरात. पन्नाशीच्या विधवा, घर दोन खोल्यांचं, दारं शेजारी शेजारी. एक खोली त्यांनी मला दिली होती. मधली भिंत म्हणजे तुराट्यांचा कूड, मातीने लिंपलेला, आणि तो आढ्यापर्यंत पोचत नव्हता. वर हातभर मोकळं. त्यांच्या चुलीचा धूर माझ्याकडे यायचा, माझ्या कंदिलाचा उजेड त्यांच्याकडे जायचा. त्या खडीच्या कामावर सुकडी शिजवायला जायच्या — दुष्काळात कामावरच्यांना आणि मुलांना ती वाटत. माझी भाकरीही त्याच करायच्या. घरात त्यांची लेक शेवंता पहिल्या बाळंतपणाला आलेली. मुलगी झाली होती. आणि दारातल्या खुंटीला पिंजरा — राघूचा. कोणी उंबऱ्याशी आलं की हौसाबाईंच्याच आवाजात तो विचारायचा, "कोन हाय?"

मुलीचं बारसं मीच थांबवलं होतं. माणसं जमवू नका, असं कागदावर होतं. हौसाबाई म्हणाल्या, "ऱ्हाऊ द्या मंग. नाव कुटं पळून जातंय?" बारसं राहिलं. तिला सगळे नुसतं 'बाळी' म्हणायचे.

माझा खोकला सुरू झाला तो मी गावात आल्यावर तिसऱ्या आठवड्यात.

आधी घशात खवखव. मग कोरडा खोकला — तीन ठसके, आणि सवयीने घसा साफ करणं. ताप नाही, थकवा नाही. खडीची धूळ, मला वाटलं. पण कागदावर अगदी शेवटी एक ओळ होती, आणि ती डॉक्टरांनी मला तोंडानेही समजावून सांगितली होती: मोठ्या माणसालाही हा होतो. मोठ्याला ती ओढ लागत नाही, नुसता कोरडा खोकला, महिना-महिना जात नाही. माणूस हिंडतं-फिरतं असतं, म्हणून तेच जास्त पसरवतं. अशा माणसाने तान्ह्या मुलाजवळ उभंही राहू नये.

ही ओळ मी पहिले पंधरा दिवस प्रत्येक घरात सांगत होतो. खोकला सुरू झाल्यावर — ती सांगायची सोडून दिली. कोणाच्या लक्षात आलं नाही. बाकी सगळं तसंच सांगायचो, त्याच क्रमाने, फक्त शेवट एक पायरी अलीकडे.

तुम्ही विचाराल, मग तुला माहीत होतं? होतं. पक्कं नव्हतं, पण पक्कं करून घ्यायला काष्टीपर्यंत चालत जाऊन डॉक्टरांना चिठ्ठी धाडायची एवढंच होतं. ते मला घरी बसवतील, आणि माझ्या जागी दुसरा येईल, एवढंच. मी ज्येष्ठमधाची काडी घेतली आणि ती दाढेखाली धरून घरोघर जाऊ लागलो. लोकांसमोर खोकला गिळायचा. दुपारी गाव रिकामं झालं की, नाहीतर रात्री सगळे निजल्यावर, खोलीत यायचं, तोंडात उशीचं टोक धरायचं आणि सगळा राहिलेला खोकून घ्यायचा.

अशाच एका दुपारी — कसं सांगू हे? — माझं खोकून झालं होतं. उशी बाजूला ठेवून भिंतीला टेकून, डोळे मिटून बसलो होतो. बाहेर पाला सळसळत होता. आणि कुडापलीकडून मी खोकलो.

तीन ठसके. मग घसा साफ केल्याचा तो आवाज, माझा, लहानपणापासूनचा. माझे ओठ मिटलेले होते. मी छातीवर हात ठेवून पाहिला. काही वेळ सगळं शांत झालं, आणि हौसाबाईंचा आवाज आला, "कोन हाय?"

हौसाबाई तर कामावर होत्या. तिकडे फक्त शेवंता, बाळी आणि तो.

मला कळलं. पण कळल्यावर भीती जायला हवी, तशी ती गेली नाही. त्यानंतर मी बाहेर कितीही गप्प राहिलो तरी माझा खोकला गावात मोकळा होता. मी गल्लीच्या टोकाला उभा असायचो आणि तो मला मागून ऐकू यायचा. सकाळी, तिन्हीसांजा, केव्हाही. मी एखाद्या बाईला सांगत असायचो, दार उघडं ठेवा, हवा खेळू द्या — आणि ती माझ्या खांद्यावरून मागे पाहायची.

बायकांत कुजबुज सुरू झालीच. हौसाच्या घरात खोकला हाय. कबूल करत न्हाई.

एके दिवशी आबा पाटील हातात हिरवा डहाळा घेऊन आले. मागे दोन-चार माणसं. हौसाबाई कामावरून नुकत्याच परतल्या होत्या, हात धुत होत्या. त्या भडकल्याच.

"आवं आबा, कुनाला खोकला हाय हितं? ह्यो राघू खोकतोय!"

"राघू!" आबा मागे वळून म्हणाले. "ऐकलं का रं? आता पाखरंबी डांग्या खोकायला लागली." माणसं हसली. "मंग राघवाच्या नावानं बांधतो, तू कशाला चिडती?"

हसू ओसरलं आणि त्यांनी माझ्याकडे पाहिलं. "सायेब, तुमी तर कुडाला कूड लावून ऱ्हाता. ह्या घरातनं खोकला येतोय का न्हाई? तुमी म्हनाल त्ये."

हौसाबाई माझ्याकडे पाहत होत्या. त्यांच्या चेहऱ्यावर काळजी अजिबात नव्हती. आता हा सांगेल आणि संपेल, अशा त्या उभ्या होत्या.

राघूच खोकतो, म्हटलं असतं, तर पुढचा प्रश्न काय आला असता? तो कोणाकडून शिकला. या घरात खोकतं कोण.

मी म्हणालो, "येतो."

एकच शब्द. आणि तोही खोटा नाही — पाहिलंत? मी तो निवडून काढला होता. आबांनी डहाळा बांधला. हौसाबाई माझ्याकडे बघत राहिल्या, मग डहाळ्याकडे, आणि आत गेल्या. दुसऱ्या दिवसापासून त्यांचं सुकडीचं काम बंद झालं.

आता ती गोष्ट, जिच्याभोवती मी इतका वेळ फिरतो आहे.

चौथ्या दिवशी शेवंताचा नवरा बैलगाडी घेऊन आला. नामदेव त्याचं नाव, माझ्याच वयाचा. साथीचं त्याच्या कानावर गेलं होतं. बाळीला सव्वा महिना झाला होता. दोघींना घेऊन जायला आला होता. गाडीत त्याने कडबा पसरून वर गोधडी घातली होती, गचके लागू नयेत म्हणून. दाराला डहाळा पाहून तो गाडीपाशीच थांबला, आणि मला शोधत आला.

"सायेब, आमच्या गावाला खोकला न्हाई. मळ्यात घर हाय, एकलंच. तितं दोघींना येगळं ठिवतो. तुमी सांगाल तसं करतो."

याहून चांगलं काही नव्हतं, हे मला त्याच क्षणी कळत होतं. एकटं घर, मोकळी हवा, आणि जवळपास खोकणारं कोणी नाही. शेवंताला खोकला नव्हता, बाळीला नव्हता, हौसाबाईंना नव्हता. त्या घराला खोकला म्हणजे मी — कुडाच्या वरच्या हातभर फटीतून मी, आणि रोज भाकरीला उंबऱ्यावर जाऊन बसणारा मी. डहाळा बांधल्यावरही मी तिथे जातच होतो. जाणं बंद केलं असतं तर कोणीतरी का म्हणून विचारलं असतं.

त्या दोघी गेल्या असत्या. मी फक्त मान हलवायची होती.

पण डहाळ्याच्या घरातलं माणूस मीच गावाबाहेर जाऊ दिलं, तर आबा विचारणार — मग डहाळा कशाला बांधला? आणि मग पुन्हा तो राघू. मी खिशातून कागद काढला. त्याला वाचता येत नव्हतं, तरी त्याच्यापुढे धरला आणि ओळीवर बोट ठेवून वाचून दाखवलं. खोकल्याच्या घरातल्यांनी गाव सोडून जाऊ नये. पुढे पदरचं घातलं — वाटेत तुमच्या गावाला साथ लागेल, ते पाप कोणाच्या डोक्यावर?

नामदेव खाली पाहत राहिला. "तुमी शिकल्यालं. तुमी म्हंताय म्हंजी आसंलच तसं."

शेवंताने उंबऱ्याच्या आतूनच बाळीला दोन्ही हातांवर उंच धरून दाखवलं. त्याने आणलेलं टोपडं आणि बाजरीचं गाठोडं ओट्याच्या कडेला ठेवलं, आणि शेवंताने ते घेईपर्यंत मागे सरकून उभा राहिला — नियम पाळत. मग रिकामी गाडी वळवली. त्या वेळी पिंजऱ्यातून माझा खोकला आला. नामदेवने दचकून घराकडे पाहिलं. त्याला वाटलं असेल, खरंच आहे खोकला.

बारा-तेरा दिवसांनी बाळी खोकायला लागली.

मी तुम्हाला त्या ओढीच्या आवाजाबद्दल सांगितलं. बाळीला ती ओढ येत नव्हती. एवढ्या लहान मुलाला येत नाही, हे मला नंतर कळलं. ती दोन-तीनदा बारीक खोकायची आणि थांबायची. नुसती थांबायची. श्वासच नाही. कुडापलीकडे शेवंता "बाळे, बाळे, ए बाळे" म्हणत तिला हलवायची, आणि मी अलीकडे उभा राहून मोजायचो. मग ती रडायची, आणि मीही श्वास घ्यायचो. त्या मधल्या शांततेत एकदा राघू खोकला. त्यानंतर हौसाबाईंनी पिंजऱ्यावर लुगड्याचा तुकडा टाकला, पण फडक्याखालूनही तो खोकतच होता. ती शांतता मात्र त्याने कधी उचलली नाही. ती उचलता येत नसावी.

मी माणूस धाडून डॉक्टरांना बोलावलं. जीप येईपर्यंत एक दिवस गेला. ते आत गेले तेव्हा ती थांबली होती, आणि या वेळी हलवूनही उपयोग झाला नव्हता.

बाहेर येऊन त्यांनी चष्मा पुसला. आईला खोकला नाही, आजीला नाही, असं स्वतःशीच म्हणाले. मग मला विचारलं, "मग इतक्या लहान पोरीला आला कुठून?"

हौसाबाई दाराशी बसल्या होत्या. चार हातांवर. मी म्हणालो, "सर, या सुकडीच्या कामाला जायच्या. तिथे गावोगावची पोरं जमतात. कपड्यांवरून आला असेल."

डॉक्टरांनी मान हलवली. हौसाबाईंनी वर पाहिलं नाही. जाताना डॉक्टरांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला. "तुझा घसा पार बसलाय. बोलून बोलून. जप जरा." आणि गल्लीतल्या दारांकडे बघत म्हणाले, "ही डहाळ्यांची कल्पना मात्र छान आहे. मी वर कळवतो."

त्यांनी कळवलं. आसपासच्या गावांतही डहाळे लागले. उन्हाळा संपता संपता साथ ओसरली, आणि मी कायम झालो.

मी तो खोकला किती घरांत नेला? डहाळ्याच्या प्रत्येक घरात जायला मला एकट्याला परवानगी होती, हे मघाशी लिहिलं. त्या घरांत आधीच होता, असं मी स्वतःला सांगतो. ज्या घरांत नव्हता, तिथेही मी जात होतो. नक्की आकडा मला माहीत नाही. एका घराचं माहीत आहे.

मी गाव सोडलं त्या सकाळी बोचकं बांधून बाहेर आलो, तर हौसाबाई ओट्यावर उभ्या होत्या. हातात पिंजरा. शेवंताला नामदेव महिन्यापूर्वीच घेऊन गेला होता. गाडी तीच होती. ती कशी गेली ते मी पाहायला थांबलो नव्हतो.

त्यांनी पिंजरा माझ्या पायांशी ठेवला. "ह्यो घिऊन जा."

"मी कशाला, मावशी? तुमचा राघू —"

"'कोन हाय' येवढं माजं हाय. बाकी समदं तुमचं हाय."

त्या रागावलेल्या नव्हत्या. बाजरीत खडा निघाला हे सांगावं तशा बोलत होत्या.

"तुम्हाला पहिल्यापासून —" मी एवढंच म्हणालो.

"कुडाला कान न्हाईत व्हय? उशी तोंडात घालून माणूस खोकलं तरी ऐकू येतं." "मला वाटलं, ह्येच तर खोकल्याचं सांगत फिरत्यात. ह्यांचा वंगाळ आसता तर ह्यांनी सांगितलंच आसतं. शिकल्यालं माणूस हाय."

त्या आत गेल्या. दार लोटलं. दारावर तो डहाळा अजून होता, पानं सगळी झडलेली, नुसत्या काड्या.

मी पिंजरा उचलला. ठेवून जाता आलं असतं, पण तो तिथे राहिला असता तर खोकत राहिला असता. मी तो त्यांच्या दुःखापायी नेला नाही. पुरावा म्हणून नेला, लपवायला.

नोकरी बत्तीस वर्षं केली. निवृत्तीच्या दिवशी एकाने भाषणात डहाळ्याची गोष्ट सांगितली; लोकांनी टाळ्या वाजवल्या, मी हात जोडले. त्या गावाला पुन्हा गेलो नाही. दोनदा जवळून जायचं काम निघालं, दोन्ही वेळा दुसऱ्याला पाठवलं. बाळीला नाव नव्हतं, म्हणून या कागदावरही तिचं नाव मला लिहिता येत नाही.

राघू पंधरा वर्षं जगला. बायको स्वयंपाकघरातून हाक मारायची, "किती खोकताय, काढा करू का?" आणि मी समोरच्या खोलीत मुकाट बसलेलो असायचो. मी म्हणायचो, कर. ती काढा आणायची, मी प्यायचो. असं किती वेळा झालं! एका सकाळी तो पिंजऱ्याच्या तळाशी पडलेला सापडला. मुलं रडली. मी त्याला परसात पुरलं आणि मला — हेही सांगूनच टाकतो — सुटल्यासारखं वाटलं.

आता वय झालं आहे. सकाळी उठलो की खोकला येतो. अजून तसाच आहे, तीन ठसके आणि घसा साफ करणं. खोकून झालं की मी काही वेळ हलत नाही, खाटेच्या कडेला बसून राहतो.

कोणी काही विचारत नाही.